ऊन आणि वनस्पतींचे अर्क: कातडीवर काय लावायचं, कापडावर काय

मार्च उजाडला की घरगुती सनस्क्रीनच्या कृती फिरायला लागतात. खोबरेल, कोरफडीचा गर, चिमूटभर हळद, वर गाजराच्या बियांच्या तेलाचे चार थेंब. ढवळा, बाटलीत भरा, एसपीएफ (ऊन अडवण्याचा आकडा) ३० तयार! हे मिश्रण चोपडून भर दुपारी गाडीवरून कोथरूडहून हडपसरला जाऊन या. काहीच न लावता कातडी जेवढी भाजली असती, जवळपास तेवढीच भाजलेली दिसेल.

याचा अर्थ वनस्पती उन्हापुढे निरुपयोगी आहेत असा नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. चेहऱ्यावर वनस्पतीचा अर्क हा मदतनीस. ऊन अडवायचं मुख्य काम झिंक ऑक्साइडचं किंवा चाचणी झालेल्या दुसऱ्या सनस्क्रीनचं. अर्काने स्वतःच्या बळावर ऊन अडवावं असं वाटत असेल, तर तो अंगाला लावण्यापेक्षा अंगावरच्या कापडाला लावा. दोन्ही कसं करायचं ते खाली सविस्तर आहे. कापडाचा भाग लांबलचक आहे, कारण खरा फायदा तिथे आहे.

पहिली पायरी: कोणतं ऊन अडवायचं आहे ते ठरवा

त्वचेला त्रास देणारे अतिनील किरण दोन प्रकारचे. यूव्हीबी म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटर. कातडी लाल होणं, आग होणं, साल निघणं हे मुख्यतः यांचं काम. यूव्हीए म्हणजे ३१५ ते ४०० नॅनोमीटर. हे त्वचेत खोलवर जातात, त्वचा काळवंडते, पुढे सुरकुत्या पडतात. यूव्हीए किरण खिडकीच्या काचेतूनही बऱ्यापैकी आत येतात, त्यामुळे रोज गाडी चालवणाऱ्यांचा खिडकीकडचा हात जास्त रापतो.

गालावर वांग असेल तर तिसरा भिडू लक्षात ठेवा: डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाश. सावळ्या त्वचेत वांग वाढवण्यात त्याचाही वाटा असतो आणि पांढरं किंवा पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन लागतं. आपला गेरूही रासायनिकदृष्ट्या आयर्न ऑक्साइडच, पण म्हणून कुंडी रंगवायचा गेरू गालाला लावायला जाऊ नका. त्यात आणखी काय काय मिसळलेलं आहे ते कुणी तपासलेलं नसतं.

किती जपायचं हे कळायला सावली पुरते. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल तर ऊन कडक आहे. यूव्ही निर्देशांक (अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) पाहायची सवय असेल तर ३ पासून पुढे काळजी घ्या. उन्हाळ्यातल्या दुपारी महाराष्ट्रात तो ११ च्याही वर जातो आणि ११ पासून पुढचं सगळं 'अतितीव्र' या वर्गात मोडतं.

दुसरी पायरी: वनस्पती नक्की काय करतात ते समजून घ्या

झाडाला उठून सावलीत जाता येत नाही. म्हणून पानाच्या बाहेरच्या थरात ते फ्लॅवोनॉइड आणि त्यांच्या जातीची संयुगं साठवतं. ती अतिनील किरण शोषतात आणि आतला हिरवा कारखाना वाचवतात. यूव्हीबी वाढलं की झाड ही संयुगं वाढवतं. हाच अर्क काढून आपण लावला तर आपल्यालाही तसंच कवच मिळेल, हा तर्क वाटतो तितका चुकीचा नाही. घोडं अडतं ते प्रमाणात आणि थरात. पानात ही संयुगं पेशीपेशीत भरलेली असतात. घरी काढलेल्या काढ्यात ती फारच विरळ असतात आणि त्वचेवर लावल्यावर खळग्यांत साचतात, उंचवटे उघडे राहतात.

अर्क एकूण तीन कामं करतो. काही किरण शोषतो, हे काम बहुतेकदा तुटपुंजं. किरणांमुळे त्वचेत तयार होणाऱ्या मुक्त कणांना (फ्री रॅडिकल्सना) आवरतो, हे काम बऱ्यापैकी. आणि दाह कमी करतो, यात काही अर्क खरोखर चांगले आहेत. पण इथेच एक फसवणूक दडलेली आहे. एसपीएफ मोजतात तो त्वचा लाल व्हायला किती वेळ लागतो यावरून. दाह कमी करणारा अर्क लाली लपवू शकतो आणि किरण मात्र आत जाऊन आपलं काम करत राहतात. लाल झाली नाही म्हणजे इजा झाली नाही, असं समजू नका.

खोबरेलाचा एसपीएफ ८ आला कुठून?

खोबरेल आणि ऑलिव्ह तेलाचा एसपीएफ ७-८ असल्याचं सगळीकडे लिहिलेलं असतं. हा आकडा थापेचा नाही, प्रयोगशाळेतलाच आहे. तेल अल्कोहोलमध्ये विरघळवतात, काचेच्या छोट्या चौकोनी नळीत भरतात आणि २९० ते ३२० नॅनोमीटरचे किरण किती शोषले गेले ते दर ५ नॅनोमीटरला मोजतात. मग १९८६ सालच्या मन्सूर सूत्रात आकडे घालतात. त्या सूत्रातला गुणक एका ठरावीक प्रमाण सनस्क्रीनवरून बसवलेला आहे. तेलासाठी किंवा काढ्यासाठी तो बसेलच असं नाही. शिवाय ही मोजणी यूव्हीएबद्दल एक अक्षर बोलत नाही आणि त्वचेवर थर कसा बसतो याबद्दलही नाही.

माणसाच्या त्वचेवरची चाचणी वेगळी असते. दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन, दिव्याखाली त्वचा लाल व्हायला किती जास्त वेळ लागला ते बघतात. अशा चाचणीत एसपीएफ १५ म्हणजे सुमारे ९३ टक्के यूव्हीबी अडवलं, ३० म्हणजे ९७, ५० म्हणजे ९८. पाकिटावर आकडा दिसला की तो कोणत्या चाचणीतला, हा प्रश्न पहिला विचारायचा.

तिसरी पायरी: कपाटातल्या वनस्पती एकेक करून तपासा

*ग्रीन टी.* चेहऱ्यासाठी माझी पहिली पसंती हिलाच. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ग्रीन टीच्या पॉलिफेनॉलचा अर्क आधी लावलेल्या त्वचेवर कृत्रिम सूर्यप्रकाशाने आलेली लाली कमी होती. तो अर्क दाट होता, कपातला चहा त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणून ग्रीन टीचा अर्क असलेलं तयार सीरम सनस्क्रीनच्या खाली लावणं जास्त शहाणपणाचं. घरच्या चहाची पट्टी उन्हातून आल्यावर ठेवायला उत्तम: चमचाभर पानं कपभर गरम पाण्यात पाच मिनिटं, गाळून गार करायचं, सुती फडकं भिजवून दहा मिनिटं चेहऱ्यावर. उरलेलं त्याच दिवशी ओतून द्या. पाण्यातले अर्क फार लवकर नासतात.

*कोरफड.* ऊन अडवत नाही, भाजल्यावर शांत करते. पान बुडाशी कापलं की पिवळा, कडवट चीक निघतो. पान पंधरा-वीस मिनिटं उभं ठेवून तो पूर्ण गळू द्यायचा, धुवायचं, काटेरी कडा कापायच्या आणि मगच आतला काचेसारखा गर घ्यायचा. बऱ्याच जणांना कोरफडीची खाज सुटते ती या पिवळ्या चिकामुळे. गर स्वच्छ काढला तर तो त्रास बहुधा होत नाही.

*हळद.* तिच्यातलं पिवळं द्रव्य करक्युमिन सर्वांत जास्त प्रकाश शोषतं ते ४२५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे दिसणाऱ्या निळ्या प्रकाशात. म्हणून तर ती पिवळी दिसते. यूव्हीबीत तिचं काम थोडंच आणि उन्हात करक्युमिन स्वतःच तुटत जातं. हळदीचा रंग दिलेलं कापड उन्हात वाळत घातल्यावर विटतं, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. चेहऱ्यावरही तेच होतं.

*करंज.* रस्त्याकडेला सावली देणारं हे झाड या यादीत खरं तर वरच्या नंबरावर हवं. त्याच्या बियांतलं पोंगामोल यूव्हीए शोषतं आणि ते शुद्ध करून सौंदर्यप्रसाधनांत वापरतात. पण हे शुद्ध केलेल्या घटकाबद्दल झालं. घाण्यावरचं करंजेल उग्र वासाचं, तपकिरी आणि काहींच्या त्वचेला चुरचुरणारं असतं. ते जखमांना नि जनावरांच्या गोचिडांना वापरायची रीत आहे, तिथेच राहू द्या.

*कवठ.* महाशिवरात्रीला चटणीसाठी आठवणारं हे झाड म्यानमारमध्ये रोज आठवतं. तिथे बायका-मुलं गालांवर पिवळसर लेप लावतात, तो थनाखा. कवठाची किंवा त्याच्याच गणगोतातल्या दुसऱ्या झाडाची साल दगडी सहाणेवर पाण्यात उगाळून तो करतात, आपण चंदन उगाळतो तसाच. सालीत यूव्हीए शोषणारं मार्मेसिन असतं. गारवा मिळतो, त्वचा तेलकट होत नाही, पण सनस्क्रीनची जागा हा लेप घेत नाही.

*टोमॅटो.* हा खायचा. २००१ सालच्या एका जर्मन अभ्यासात रोज ४० ग्रॅम टोमॅटोची पेस्ट ऑलिव्ह तेलाबरोबर दहा आठवडे खाणाऱ्यांच्या त्वचेवर यूव्हीने येणारी लाली ४० टक्क्यांनी कमी भरली. चांगलं आहे, खा. पण त्याच्या जोरावर छत्री घरी ठेवू नका. उन्हापासून वाचवणाऱ्या गोळ्या विकणाऱ्या कंपन्यांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली जाहीर तंबी दिली, ती उगाच नाही.

भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल), शिया बटर, तिळाचं तेल हे सगळे त्वचा मऊ ठेवणारे. टाचांच्या भेगांवर भिरंडेलासारखं दुसरं काही नाही. उन्हाशी त्यांचा संबंध नाही.

चौथी पायरी: उन्हात जाण्याआधी ही झाडं टाळा

हा भाग घाईत वाचू नका. काही वनस्पतींत फ्युरोकुमरिन नावाची संयुगं असतात. ती त्वचेवर असताना यूव्हीए पडलं की त्वचा अक्षरशः भाजते. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समज इथे महागात पडतो.

लिंबू यात पहिलं. टॅन काढायला लिंबू चोळून उन्हात जाणं हा सर्वांत वाईट घरगुती उपाय. त्रास लगेच होत नाही, म्हणून कारण लक्षात येत नाही. साधारण दिवसभराने लाली, दोन-तीन दिवसांत फोड आणि त्यानंतर महिनोन् महिने राहणारे काळपट डाग. रस जिथून ओघळला त्या रेषेत पट्टे उठतात आणि ओळखायची खूणही तीच. लिंबू सरबत करून हात न धुता उन्हात बसलं तरी हे होऊ शकतं. अंजिराच्या पानांच्या आणि कच्च्या फळाच्या चिकातही हीच भानगड असते, त्यामुळे पुरंदरच्या बागांत तोडणीला जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. सतापीचा रसही त्यातलाच. संत्रावर्गातल्या बर्गमॉटच्या सुगंधी तेलाबाबतही हेच, म्हणून मानेवर अत्तर फवारून उन्हात जाऊ नये.

बावची तर याच गुणासाठी प्रसिद्ध आहे. कोडाच्या डागांवर बावची लावून ऊन घ्यायची आयुर्वेदातली पद्धत जुनी, आणि आधुनिक त्वचारोग उपचारांतही तिच्यातलं सोरालेन हे फ्युरोकुमरिन आलं. तो उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालचा. सध्या बाजारात सुरकुत्यांसाठी बाकुचिऑल गाजतंय. ते बावचीच्याच बियांतून निघतं, पण सोरालेन वेगळं काढून शुद्ध केलेलं. बाकुचिऑल महाग पडतं म्हणून कुणी कच्चं बावची तेल मागवलं आणि दिवसा चेहऱ्याला लावलं, तर फोड येण्याची पुरेपूर शक्यता आहे.

डॉक्सिसायक्लिनसारख्या काही गोळ्यांनीही त्वचा उन्हाला हळवी होते. नवी गोळी सुरू झाली असेल तर डॉक्टरांना हे नक्की विचारा.

पाचवी पायरी: विकत घेताना पाठची बाजू वाचा

पुढच्या बाजूला चंदनाचं चित्र, कोरफडीचं पान, 'हर्बल' असं ठळक. मागे घटकांच्या यादीत झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असतं आणि सगळं काम तेच करत असतं. आयुर्वेदिक परवान्याच्या मलमांत ते यशद भस्म या नावाने येतं. यशद भस्म म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइडच. ते दिसलं तर ठीक. यादीत नुसतेच अर्क असतील, ना झिंक ना ऊन अडवणारा दुसरा कुठला मान्यताप्राप्त घटक, आणि तरी एसपीएफ ५० लिहिलं असेल, तर पाकीट परत फडताळावर ठेवा. एसपीएफ किमान ३०, आणि यूव्हीएसाठी 'पीए' पुढे तीन-चार अधिकची चिन्हं असावीत.

झिंक ऑक्साइडची पूड आणून घरी लोण्यात कालवू नका. पूड गुठळ्या धरते, डोळ्यांना एकसारखी दिसली तरी थरात भोकं राहतात. कारखान्यात ती पसरवायला वेगळी यंत्रं आणि द्रव्यं लागतात, घरच्या मिक्सरचं ते काम नाही.

सहावी पायरी: सकाळचा क्रम

तोंड धुवून पुसा. ग्रीन टीचं किंवा क जीवनसत्त्व आणि फेरुलिक आम्लाचं सीरम असेल तर ते आधी. फेरुलिक आम्ल भाताच्या कोंड्यात भरपूर सापडतं आणि ते घातल्याने क व ई जीवनसत्त्वांच्या मिश्रणाचं संरक्षण दुप्पट झाल्याचं २००५ साली दिसून आलं. सीरम मुरलं की सनस्क्रीन. तर्जनी आणि मधल्या बोटावर बुडापासून टोकापर्यंत दोन रेघा काढा, चेहरा-मानेला एवढं लागतं. लोक साधारण याच्या निम्मं किंवा त्याहून कमी लावतात आणि मग 'मला सनस्क्रीन लागू पडत नाही' म्हणतात. कान, मानेची मागची बाजू आणि भांगाची रेघ विसरू नका. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर पडा, उन्हात राहिलात तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. नवं काहीही आधी कोपराच्या आत लावून दोन दिवस बघा.

एवढं करूनही भाजलंच, तर गार पाणी किंवा गार पट्टी, बर्फ नको, मग कोरफड, आणि भरपूर पाणी प्या. तूप, टूथपेस्ट, लिंबू काही नको. मोठे फोड, ताप, उलट्या, चक्कर यांपैकी काही असेल तर थेट डॉक्टरकडे.

सातवी पायरी: अर्क कापडाला द्या

शेतात खुरपणीला जाणाऱ्या बायका नऊवारीवर किंवा पाचवारीवर घरधन्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्याला फडकं गुंडाळतात. त्वचारोगतज्ज्ञ सांगतील तोच हा सल्ला आहे. पुण्या-नागपुरात गाडीवर जाणाऱ्या मुलींचा स्कार्फ आणि सनकोट त्याच वंशातले. पण साधं पांढरं पातळ सुती कापड वाटतं तितकं ऊन अडवत नाही, ओलं झालं की आणखीच कमी. कापडाच्या संरक्षणाला यूपीएफ म्हणतात. यूपीएफ ५० म्हणजे पन्नासातला एकच भाग आत येतो; पातळ पांढरा टी-शर्ट बहुधा दहाच्या आतच राहतो.

रंगाने हा आकडा वाढतो, वनस्पतींच्या रंगानेही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आपल्या मंजिष्ठेच्या कुळातलं मॅडर, नीळ आणि कोचिनील (हा मात्र किड्यापासूनचा रंग) यांनी रंगवलेलं सुती कापड तपासलं. रंग जितका गडद, तितके अतिनील किरण कमी पार झाले. डाळिंबाची साल आणि हिरडा यांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं. ते अतिनील किरण शोषतं आणि सुती धाग्याला घट्ट धरतंही. त्वचेवर विरळ बसणारा अर्क इथे धाग्याधाग्यात मुरतो, घामाने पुसला जात नाही, कुणाला खाजही आणत नाही.

आधी कापड निवडा. दिव्यासमोर धरून बघा. दिव्याचा गोळा स्पष्ट दिसत असेल तर वीण फार मोकळी आहे, कितीही रंगवा, उपयोग नाही. मलमल नको, घट्ट विणीचं खादी किंवा पॉपलिन चालेल. खालची मापं २०० ग्रॅम कोरड्या कापडासाठी आहेत.

मोठं स्टीलचं पातेलं घ्या, ॲल्युमिनियम आणि लोखंड नको, रंग बदलतो. सहा लिटर पाण्यात दीड मोठा चमचा धुण्याचा सोडा घालून कापड तासभर मंद उकळा. पाणी चहासारखं पिवळं होईल, ती कापडावरची खळ आणि मेण. ते न निघाल्यास रंग डागाडागांनी बसतो. नीट धुवा.

४० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवा. बाळहिरडा मिळाला तर उत्तम. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबं तो वेचून वाळवतात. कापड त्यात रात्रभर बुडवा, सकाळी पिळा आणि न धुता वाळवा. फिकट मातकट पिवळं दिसेल. मग ३० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून, पाणी वाढवून कापड दोन तास त्यात ठेवा, मधेमधे उलटंपालटं करा. हलकं खंगाळा.

डाळिंबाची वाळलेली सालं २०० ग्रॅम. सोलापूर-सांगोल्याकडच्या लोकांना ती फुकट मिळतील, इतरांनी रसवाल्याशी दोस्ती करावी. सालं रात्रभर भिजवून सकाळी तासभर मंद उकळा, दोनदा गाळा. कण राहिले तर कापडावर ठिपके उठतात. या पाण्यात ओलं कापड सोडून हळूहळू तापवा आणि उकळी फुटू न देता पाऊण ते एक तास ठेवा. लाकडी काठीने हलवत राहा. घडी पडून राहिली तिथे रेघ उमटते. पातेल्यातच गार होऊ द्या, रात्रभर राहिलं तर आणखी छान. पिळून सावलीत वाळवा, दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने रंग सुटेपर्यंत धुवा. मोहरीसारखा पिवळा येईल.

याहून गडद हवा असेल तर गरम पाण्यात ३ ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) विरघळवून कापड पाच-दहा मिनिटं बुडवा. डोळ्यांदेखत पिवळ्याचा राखाडी-हिरवा होतो. टॅनिन आणि लोह यांची ही करामत, जुन्या काळी शाई अशीच करायचे. हिराकस जास्त घालू नका, लोहाने सुती धागा कालांतराने कुजतो. हिराकसाला वापरलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकात नको, हातात मोजे घाला, लहान मुलांना लांब ठेवा.

धुताना सौम्य साबण आणि सावलीत वाळवणं. ब्लीच आणि लिंबाच्या वासाचे आंबट धुण्याचे साबण टाळा, रंगाचा तोल बिघडतो. वापरून वापरून रंग उतरला तर डाळिंबाच्या सालीच्या ताज्या पाण्यात पुन्हा बुडवा, हिरडा-तुरटी परत केली तर अधिक टिकेल. पातेल्यात उरलेल्या पाण्यातून दुसरं कापड काढता येतं, पण ती छटा फिकट येते. ती उशीच्या अभ्र्याला द्या, डोक्यावरच्या स्कार्फला नको.